अप्पांचा पंप

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी, चहाचा दुसरा कप हातात असताना, फोनवर चौदा सेकंदांची एक ध्वनिफीत आली. आधी कुणाचे तरी खाकरणे, मग मोटारीचे इंजिन सुरू झाल्याचा आवाज, दोनदा अडखळून नंतर एका लयीत आलेला, आणि अगदी शेवटी दूरवर कुठेतरी आरवणारा कोंबडा. खाली तीनच शब्द होते, ‘अप्पांचा पंप, कोल्हापूर’. पाठवणारे होते वाईजवळच्या एका खेड्यात राहणारे नाना. तो आवाज ऐकून मला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही. पण त्याच्या क्षणभर आधी काहीतरी खटकले. आपल्या घरातली शाल एखाद्या लग्नात परक्या माणसाच्या अंगावर दिसावी, आणि ती आपणच कधीतरी देऊन टाकली होती हे मागाहून आठवावे, तसे काहीसे. त्या दिवशी जेवताना बायकोने विचारले, “गप्प का?” तर मला धड सांगता येईना. एका जुन्या पेट्रोल पंपासाठी, तोही रस्त्याकडेचा नव्हे, इंजिनाच्या कुशीला बसवलेल्या मुठीएवढ्या पंपासाठी, साठी ओलांडलेल्या माणसाने जेवणावरची वासना घालवावी, हे सांगायचे तरी कसे?

अप्पा म्हणजे माझे वडील. ते साखर कारखान्यात केमिस्ट होते. १९७८ साली त्यांनी फियाट नोंदवली आणि ती घरी आली १९८४ मध्ये. कागदोपत्री तिचे नाव प्रीमियर पद्मिनी असले तरी आमच्याकडे तिला पद्मिनी असे कुणीही कधीही म्हटले नाही. त्या सहा वर्षांत माझी दहावी आणि बारावी झाली, आजी गेली, धाकट्या आत्याचे लग्न झाले आणि अप्पांना चष्मा लागला. शेवटी गाडी आली तेव्हा सगळी कॉलनी ओवाळायला जमली होती, आणि अप्पा मात्र बोनेट उघडून आत वाकले होते. फिक्कट आकाशी रंग, पुढे सलग बाक, स्टेअरिंगला लागून हँड गिअर, आणि खिडकीच्या कोपऱ्यात ती तिकोनी काच, जी तिरकी केली की वारा थेट मांडीवर येई. उन्हात तापलेल्या रेक्झिनचा, थोड्या पेट्रोलचा आणि मागच्या सीटखाली विसरलेल्या गुळाच्या ढेपेचा असा एक मिश्र वास त्या गाडीला होता, आणि तो आजही मला कुठेही ओळखू येईल.

अप्पांची एक सवय होती. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर तारीख घालण्याचा त्यांचा शिरस्ता त्यांनी गाडीलाही लावला होता. कुठलाही भाग उघडला, साफ केला किंवा बदलला की टोकदार सुईने ते त्या धातूवर बारीक अक्षरात तारीख कोरत. डिस्ट्रिब्युटरवर एक, कार्बुरेटरवर तीन, डायनॅमोवर दोन. पंपावर होती १२-३-९१. रविवारी सकाळी ते पॉलिश पेपरने पॉइंट साफ करत, कार्बुरेटरचे जेट काढून तोंडाने फुंकत, आणि मला शेजारी उभे करून पाने द्यायला लावत. मला त्यात गोडी नव्हती. माझे मित्र क्रिकेट खेळत असत आणि मी तेरा नंबरचा पाना शोधत असे. हे आज लिहिताना त्याला सोनेरी मुलामा देण्याचा मोह होतो, पण खरे सांगायचे तर मी त्या रविवारांवर वैतागलेला असे.

अप्पा २००९ मध्ये गेले. त्यानंतर नऊ वर्षे गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. २०१८ मध्ये मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि, बहुधा रिकामपणामुळेच, ताडपत्री काढली. पुण्यातल्या ओळखीच्या गॅरेजवाल्याने चाकाला पायाने ढोसून पाहिले आणि म्हणाला, “काका, भंगारात द्या. पार्ट कुठून आणणार?” नाना पेठेत मी तीन शनिवार फिरलो. जिथे एके काळी फियाटचे किंगपिन आणि ब्रेकचे रबर दारातच टांगलेले असत, तिथे आता मागणी सांगितली की दुकानदार आधी माझ्याकडे आणि मग शेजारच्या दुकानदाराकडे बघत. शेवटी पुतण्याने माझ्या फोनवर मला एका व्हॉट्सॲप गटात ढकलले. फियाटवाल्यांचा गट. नाशिकचे एक डॉक्टर, मडगावचे निवृत्त मास्तर, बेळगावात रबराचे सुटे भाग बनवणारे एक गृहस्थ, कोल्हापूरचा एक वायरमन, आणि अशी आणखी दीडशे-दोनशे माणसे.

त्या गटाची रीतच वेगळी होती. सुप्रभाताची फुले तिथे चालत नसत. पहाटे साडेपाचला कुणीतरी टॅपेटच्या आवाजाची फीत टाकी आणि सहाच्या आत चार जण त्यावर निदान करून मोकळे होत, एक्झॉस्ट ढिला आहे, पुश रॉड वाकला आहे, काही नाही, थंडीने वाजते आहे. मडगावच्या मास्तरांचे कान असे की फोनच्या त्या चिमुकल्या स्पीकरवरूनही चारांपैकी कितवा सिलिंडर मार खातो आहे ते सांगत. एकमेकांना हाक मारायची ती गावावरून आणि गाडीच्या सालावरून. नाशिकच्या डॉक्टरांची गाडी १९६४ ची, म्हणजे फियाटच्या ‘डिलाइट’ या जुन्या मॉडेलच्या पहिल्या खेपेतली, त्यामुळे त्यांना मान मोठा. पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या नंबराचा नियम आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांचे अभिनंदन केले, तर ते म्हणाले, “मला नको तो मान. तो नंबर घेतला तर रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. मी हिच्यातून दवाखान्यात जातो.” माझ्या गाडीची पन्नाशी २०३४ मध्ये. तेव्हा मी सत्तरीत असेन, बघू.

तीन वर्षे मी त्या माणसांशी रोज बोलत होतो आणि त्यांतल्या एकाच्याही मुलाबाळांची नावे मला ठाऊक नव्हती. मात्र कुणाच्या रेडिएटरला किती वेळा डाग दिला आहे ते मी झोपेतही सांगितले असते. बँकेत बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला या ओळखीचे खाते कुठल्या सदरात टाकावे ते कळत नाही.

इथे पेट्रोलची गोष्ट सांगायला हवी. २००० साली पेट्रोलमधले शिसे पूर्णपणे गेले तेव्हा अप्पांनी व्हॉल्व्हच्या बैठकांची काळजी केली होती, पण इंजिनाने ते सोसले. २०२३ पासून मात्र वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि गटातले संदेश बदलले. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते, मऊ करते, शेवटी फाडते. नळ्या, पॅकिंग, कार्बुरेटरचे वॉशर, सगळ्यांवर संक्रांत. आणि हे इथेनॉल मोठ्या प्रमाणात येते ते उसातून, म्हणजे ज्या कारखान्याच्या मळीच्या वासात माझे बालपण गेले, तसल्याच कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून. उसाला भाव मिळतो म्हणून माझे कऱ्हाडचे मामेभाऊ खूश आणि त्यांच्याच उसाने माझा पंप फाडलेला. अप्पा असते तर त्यांनी कुणाची बाजू घेतली असती हे मला अजून ठरवता आलेले नाही. बहुधा त्यांनी दोन बाटल्यांत रबराचे तुकडे बुडवून, तारखा घालून, महिनाभर वाट पाहिली असती.

२०२४ चा मे महिना. साताऱ्याला चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता आणि फियाटनेच जायचे हा माझा हट्ट. शिरवळ गेले, खंडाळा गेले, आणि खंबाटकीच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. दुपारचे साडेबारा. मी अनुभवी माणसासारखा उतरलो. घाटात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असताना फियाट थांबली तर कारण एकच, पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही वर ढकलली जात नाही. उपायही ठरलेला, पंपावर ओले फडके. अप्पा त्यासाठी डिकीत कायम एक पंचा ठेवत आणि तोच पंचा अजून तिथे होता. मी तो भिजवून पंपावर गुंडाळला, फडक्यातून वाफ निघाली, आम्ही वीस मिनिटे थांबलो, बायको जरीची साडी सावरत कठड्याच्या सावलीत आहेराची पिशवी घेऊन बसली. गाडी सुरू झाली नाही. पुन्हा भिजवला. नाही. शेजारून मालट्रक कण्हत वर चढत होते आणि प्रत्येकाबरोबर गरम हवेचा एक लोट अंगावर येत होता.

मी गटावर फोटो टाकला. चार मिनिटांत मडगावहून प्रश्न आला, “डिपस्टिक काढा आणि वास घ्या.”

डिपस्टिकचा, म्हणजे इंजिनातल्या तेलाची पातळी बघायच्या पट्टीचा, वास मी आयुष्यात कधी घेतला नव्हता. नाकाशी नेली तर तेलाचा जडपणा नाहीच, उग्र पेट्रोल. तेल पाण्यासारखे पातळ झालेले, आणि पातळी खुणेच्या वर बोटभर चढलेली. झाले असे होते की पंपाच्या आतला पडदा, म्हणजे कापडावर रबर चढवलेला तो गोल डायफ्रॅम, फाटला होता. कॅमच्या फेऱ्याबरोबर एक दांडी त्याला खाली ओढते आणि स्प्रिंग वर ढकलते. त्या खाली-वर होण्यातून मागच्या टाकीतले पेट्रोल पुढे कार्बुरेटरपर्यंत येते. पडदा फाटला की पेट्रोल वर जाण्याऐवजी खाली इंजिनाच्या तेलात उतरते. मास्तरांचा पुढचा संदेश मोठ्या माणसाने दरडावावे तसा होता. “आता किल्ली फिरवायची नाही. बेअरिंग जातील. कुणी बाटलीतून पेट्रोल सोडून चालवा म्हणेल, ऐकायचे नाही. आग लागते.” मग नाशिकहून विचारणा, सुरूरच्या आसपास कोण आहे? आणि मग, तीन वर्षांत गटावर जेमतेम दहा वेळा बोललेल्या एका माणसाचे दोन शब्द आले, “येतो. थांबा.”

ते आले तेव्हा दीड वाजून गेला होता. सुरूर आमच्यापासून घाटाच्या पलीकडे, सरळ अंतर काहीच नाही. पण घाट एकेरी. पुण्याकडून जाणाऱ्याने घाट चढायचा, साताऱ्याकडून येणाऱ्याने बोगद्यातून यायचे. त्यामुळे ते आपल्या मोटारसायकलवरून आधी बोगद्यातून अलीकडे खंडाळ्याच्या बाजूला उतरले, तिथून वळले आणि पुन्हा सगळा घाट चढून आमच्यापर्यंत पोचले. सत्तरीचे, सडपातळ, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपीऐवजी ओला रुमाल. हँडलला अडकवलेल्या पिशवीत तेलाचा डबा, एक अर्धा कापलेला कॅन, आणि जुन्या बनियनच्या कापडात गुंडाळलेला पंप. “नमस्कार” झाला आणि ते लगेच गाडीखाली गेले. सगळे जुने तेल त्यांनी कॅनमध्ये उतरवून घेतले, एक थेंब रस्त्यावर सांडू दिला नाही. पंप काढताना दोन नटांना ते हात लावत ते न बघता, बोटांनी चाचपून. पॅकिंगला थोडे ग्रीस, पंप जागेवर, नळ्या, मग नवे तेल. त्यांनी हातानेच पंपाची बारीक दांडी आठ-दहा वेळा खालीवर केली आणि कार्बुरेटरमध्ये पेट्रोल आल्याची कुळकुळ ऐकू येईपर्यंत कान लावून बसले. मग मला म्हणाले, “मारा.”

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. आणि मी, बत्तीस वर्षांच्या सवयीने, पाकीट काढून विचारले, “नाना, पंपाचे आणि मजुरीचे मिळून किती झाले?”

त्यांनी रुमालाने हात पुसले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते फक्त थोडे मागे सरले, गिऱ्हाइकाने ठरल्यापेक्षा कमी भाडे दिले की टॅक्सीवाला सरतो तेवढे. “राहू द्या की,” ते म्हणाले, “जुना पंप मात्र मला द्या. बॉडी शाबूत आहे.” सुटलो एकदाचा, असे वाटून मी घाईने म्हणालो, “न्या, न्या. भंगारच आहे तो.” बायकोने कठड्यावरून माझ्याकडे पाहिले. ते पाहणे कशासाठी होते हे मला साताऱ्याला पोचेपर्यंत कळले नाही, आणि मग तिने ते नीट समजावून सांगितले.

त्यांनी आणखी एकच गोष्ट मागितली, “माथ्यापर्यंत मी चालवू का?” म्हणून मग बायको पुढच्या बाकावर, नाना स्टेअरिंगवर, आणि मी रेशमी कुर्त्यात त्यांच्या मोटारसायकलवर मागून. चाळीस वर्षे जी गाडी मी आतूनच ऐकली होती ती त्या दिवशी प्रथमच मागून, बाहेरून ऐकली. चढावर तिचा आवाज आत वाटतो तसा दमलेला नाहीच; खर्ज आहे त्याला. नाना गिअर बदलत तेव्हा आवाजात फट पडत नव्हती. वळणाआधी खिडकीतून त्यांचा उजवा हात बाहेर येई आणि वर-खाली हले, मागच्याने सावकाश यावे म्हणून, आणि त्या हातावरून मला ओळखू आले की हा माणूस मुंबईत काळी-पिवळी चालवत असणार.

दिवाळीत आम्ही दोघे वाईला गणपतीच्या दर्शनाला गेलो आणि तिथून त्यांच्या घरी. सव्वीस वर्षे टॅक्सी, राहायला लालबाग, बायको-मुले गावी. शेवटची गाडी १९९६ ची. सीएनजीचे किट बसवले तेव्हा पेट्रोलचा पंप निकामी झाला म्हणून काढून ठेवला, तो घाटात आमच्या गाडीला बसवला तोच. आत नवा पडदा घातलेला. २०१६ मध्ये टॅक्सीची वीस वर्षे भरली आणि ती कुर्ल्यात भंगारवाल्याकडे गेली. “कुर्ल्यातच बनली, कुर्ल्यातच मोडली,” नाना म्हणाले. सोलापूरच्या वालचंद शेटजींनी काढलेल्या कंपनीचा कारखाना तिथलाच. आता त्या जागी इमारती आहेत. आपली गाडी कापताना ते थांबले नव्हते, चहा प्यायला गेले होते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या २९ ऑक्टोबरला ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली, आणि वीस वर्षे भरून ३० ऑक्टोबर २०२३ ला तीही रस्त्यावरून उतरली, तेव्हा गटावर सगळ्यांनी फोटो टाकले होते. नानांनी त्या दिवशी काहीच लिहिले नव्हते. हे मला त्यांच्या ओसरीवर बसल्यावर आठवले.

त्यांच्या घरात फळीवर सात-आठ पंप मांडलेले होते, प्रत्येक जण कापडात. बेळगावचे गृहस्थ इथेनॉलला न जुमानणाऱ्या व्हिटॉन रबराचे पडदे कापून पाठवतात, नाना ते बसवतात, आणि ज्याची गाडी अडेल त्याला देतात. त्याचा फाटका पंप घेऊन येतात. किंमत नाही, व्याज नाही, फक्त फिरता माल. कुठल्याही ताळेबंदात न बसणारा हा व्यवहार मी चहा पिताना मनाशी बसवून पाहत होतो. निघताना त्यांनी फळीवरून एक पंप उचलून माझ्या हातात दिला. पेट्रोलने धुऊन, ब्रशने घासून लख्ख केलेला. त्यावर १२-३-९१. “वडिलांचं अक्षर का?” त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. “न्यायचा तर न्या.”

मी नाही म्हणालो. का म्हणालो ते नक्की सांगता येत नाही. थोडी लाज होती, त्यालाच मी भंगार म्हटले होते. थोडा तोराही असेल, आपणही मनाने मोठे आहोत असे दाखवण्याचा. आणि पंप तिथेच, त्या फळीवर, वाईच्या त्या घरात राहील, मी वर्षातून एकदा जाऊन बघेन, अशी एक समजूत मी करून घेतली होती. तो जाईल, असे माझ्या डोक्यातच आले नाही. म्हणून गेल्या महिन्यात त्या चौदा सेकंदांनी खटकले.

काल रात्री कोल्हापूरच्या वायरमनने गटावर नव्हे, मला एकट्याला फोटो पाठवला. पंप त्याच्या गाडीत बसलेला, तेलाचे बोट उमटलेले. अप्पांच्या तारखेखाली दुसरी एक तारीख कोरलेली होती, जाड, वाकडी, टोचणीने नव्हे तर खिळ्याने काढल्यासारखी. नानांनी पडदा बदलला त्या दिवसाची. त्याने विचारले होते, “काका, हे आकडे कसले?”

मी सांगितले. मग आणखी लिहिले, “आठवड्यातून एकदा डिपस्टिक काढून वास घेत जा.”

रात्रीचे सव्वादहा झाले होते. पाचच मिनिटांत त्याचे उत्तर आले, “आत्ताच घेतला. तेलाचाच येतोय.”